कारखान्यातील न दाखविलेले यंत्र : ‘कोटा फॅक्टरी’च्या निमित्ताने

१

विद्यार्थ्याचे जीवन हा आपल्या कथात्म वाङ्मयाचा जुना विषय आहे. परंतु थोडा विचार केला तर असे दिसून येते की, लेखकाला त्या जीवनातील अभ्यासाचे आकर्षण क्वचितच वाटले आहे. त्याला आकर्षण वाटले ते अभ्यास न होण्याचे. पुस्तक उघडे आहे आणि मन खिडकीबाहेर गेले आहे, या एका क्षणातून कितीतरी कथा-कादंबऱ्या जन्माला आल्या. हे स्वाभाविकही आहे. अभ्यासाला बसलेली मुले बाहेरून पाहणाऱ्याला सारखीच दिसतात. अभ्यासातून निसटणारा मुलगा मात्र आपल्या स्वतःच्या वाटेने निसटतो, आणि ती वाट पाहिली की तो कोण आहे हे आपल्याला कळू लागते.

आज प्रवेशपरीक्षेची तयारी करणारा सतरा वर्षांचा मुलगा कोणत्या वाटेने निसटतो, याचे उत्तर कोणत्याही घरातील आई दोन शब्दांत देईल : “सारखा मोबाइल!” लातूरच्या अभ्यासिकेत, नांदेडच्या वसतिगृहात, पुण्यातील चौघांनी मिळून घेतलेल्या खोलीत आणि दूर राजस्थानात कोट्याच्या ‘पीजी’त फिर्याद एकच आहे. वर्तमानपत्रांनी तिला ‘डिजिटल व्यसन’ असे भारदस्त नाव दिले आहे. समुपदेशक तिच्यावर उपाय सांगतात आणि पालक ते उपाय मुलांना मोबाइलवरच पाठवितात.

या गोष्टीत साहित्यसमीक्षकाने लक्ष घालण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण सरळ आहे. ज्या वस्तूची येथे चोरी होत आहे तिच्यावरच कलेचा सारा व्यवहार चालतो. ज्ञानदेवांनी नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांजवळ जे मागितले ते अवधान. कोणत्याही कलाकृतीची पहिली मागणी हीच असते. रसिकता, जाण, सहृदयता या मागाहूनच्या गोष्टी. तेव्हा एका संबंध पिढीच्या अवधानाला काय झाले आहे हा प्रश्न जितका वैद्यांचा आणि शिक्षकांचा आहे तितकाच तो आमचाही आहे. आणि या पिढीने ज्या एका कलाकृतीला ‘ही आमची गोष्ट’ म्हणून जवळ केले, तिने या प्रश्नाचे काय केले हे पाहणे तर समीक्षकाचे कर्तव्यच ठरते.

ती कलाकृती म्हणजे ‘कोटा फॅक्टरी’ ही हिंदी वेबमालिका.

२

या मालिकेचे पहिले पर्व एप्रिल २०१९ मध्ये ‘द व्हायरल फीव्हर’ या संस्थेने आणले. ते यूट्यूबवर कोणालाही विनामूल्य पाहता येत होते. दुसरे पर्व सप्टेंबर २०२१ मध्ये आणि तिसरे जून २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर आले. प्रत्येक पर्वात पाच, असे एकूण पंधरा भाग. पहिल्या दोन पर्वांचे दिग्दर्शन राघव सुब्बू यांचे, तिसऱ्याचे प्रतीश मेहता यांचे. कथानक असे नाहीच म्हटले तरी चालेल. इटारसीचा वैभव पांडे वर्ष बरेचसे सरून गेल्यावर कोट्याला येतो. ज्या नामांकित क्लासमध्ये जायचे तेथे जागा मिळत नाही, म्हणून दुसऱ्यात नाव घालतो. तेथे त्याला मीणा आणि उदय असे दोन मित्र भेटतात, आणि भौतिकशास्त्र शिकविणारा जीतूभैया भेटतो. बाकी सारे म्हणजे मेसचे जेवण, बॅचमधली वरखाली, चाचणीचे गुण, घरचे फोन आणि आयआयटी.

मालिकेचे गुण प्रथम सांगितले पाहिजेत, कारण ते खरे आहेत. तिची भाषा मुलांची आहे. मुलांविषयी कळवळा असलेल्या प्रौढांची ती नव्हे. असेंद्रिय रसायनशास्त्राचा कंटाळा हा नाट्याचा विषय होऊ शकतो हे तिने ओळखले. तिच्यात खलनायक नाही; क्लासचा मालकसुद्धा आपले दुकान चालविणारा माणूस आहे, राक्षस नव्हे. आणि तिने बहुतेक सारे चित्रण कृष्णधवल ठेवले आहे. हा निव्वळ नखरा आहे असे प्रथम वाटते. परंतु पाहता पाहता ध्यानात येते की, या मुलांच्या दिवसातून जे वजा झाले आहे ते रंग काढून घेतल्यानेच दिसू शकते. संक्रांत, होळी, गणपती हे सारे ज्या कॅलेंडरातून पुसले गेले आहे आणि केवळ परीक्षेच्या तारखा उरल्या आहेत, त्या कॅलेंडराचा रंग हाच असणार.

मालिकेची मध्यवर्ती कल्पना तिच्या नावातच आहे. पहिल्या पर्वाच्या पाच भागांची नावे ‘इन्व्हेंटरी’, ‘असेंब्ली लाइन’, ‘ऑप्टिमायझेशन’, ‘शटडाउन’ आणि ‘ओव्हरहॉल’ अशी कारखान्याच्या परिभाषेतून उचललेली आहेत. कोट्याचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे रूपक केवळ रूपक वाटणार नाही. चंबळेच्या काठचे हे गाव एकेकाळी खरोखरच कारखान्यांचे होते. तेथील जे. के. सिंथेटिक्समध्ये व्ही. के. बन्सल नावाचे अभियंते नोकरीला होते. स्नायूंच्या दुर्धर विकाराने त्यांना ग्रासले आणि १९८०च्या दशकात ते घरच्या टेबलाशी मुलांना शिकवू लागले. १९९१ मध्ये त्याचा ‘बन्सल क्लासेस’ झाला. पुढे १९९७ मध्ये तो कृत्रिम धाग्याचा कारखाना बंद पडला, आणि गावाने दुसरा माल काढावयास घेतला. बन्सल २०२१ मध्ये वारले. ज्या गावातून धागा जात असे तेथून आता मुले जातात : काही आयआयटीत, काही वैद्यकीय महाविद्यालयात, बहुसंख्य आपापल्या घरी, आणि काही कोठेच नाही.

‘बहुसंख्य घरी’ हे विधान अंदाजाचे नव्हे. २०२४ मध्ये जेईई अ‍ॅडव्हान्स्ड या परीक्षेच्या दोन्ही पेपरांना १,८०,२०० विद्यार्थी बसले. हे आधीच्या परीक्षेतून गाळून आलेले. त्यांतून ४८,२४८ पात्र ठरले आणि सर्व आयआयटी मिळून जागा होत्या १७,७४०. वैद्यकीयच्या नीट परीक्षेला त्याच वर्षी २३ लाखांहून अधिक मुले बसली. एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्या वर. कारखान्यात माल नाकारला जाण्याचे प्रमाण असे असते तर मालकाने यंत्र बदलले असते. येथे आपण मालालाच दोष देतो.

३

इतके यथार्थ रूपक हाती असताना मालिकेने एक गोष्ट मात्र दाखविली नाही. कारखान्याची भिंत दाखविली, भोंगा दाखविला, मुकादम दाखविला, माल दाखविला. ज्या यंत्राशी कामगार दिवसाचे चौदा तास बांधलेला आहे ते यंत्र दाखविले नाही. पंधरा भागांत मोबाइल नाही असे नाही. पात्रे फोन करतात, फोन घेतात. परंतु तेथे तो निरोप पोहोचविणारा नोकर आहे. मोबाइलमुळे कोणाची रात्र गेली, कोणाचे वर्ष गेले, कोणाला स्वतःचीच किळस आली, यावर मालिकेचा एकही भाग उभा नाही.

कलाकृतीत जे नाही त्याबद्दल तिला जाब विचारू नये, हा समीक्षेतील एक चांगला संकेत आहे आणि सामान्यतः तो पाळला पाहिजे. लेखकाने आपले क्षेत्र आखून घ्यावे. त्याच्याबाहेरचे मागण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु येथे क्षेत्र लेखकानेच कारखाना म्हणून आखले आहे. ज्याने कारखाना दाखविण्याची प्रतिज्ञा केली त्याला ‘यंत्र कोठे आहे?’ असे विचारणे हे बाहेरचे मागणे नव्हे.

शिवाय हे यंत्र न दिसण्याला एक बाह्य कारणही आहे. पहिल्या पर्वाची प्रायोजक ‘अनअकॅडमी’ ही इंटरनेटवरून शिकवणी देणारी कंपनी होती. म्हणजे भिंतींच्या कोट्यावरची ही टीका भिंती नसलेल्या कोट्याच्या पैशाने उभी राहिली. यात कोणी लबाडी केली असे मला म्हणावयाचे नाही. नाटक कंपन्यांना सावकार असत आणि तरीही चांगली नाटके झाली. परंतु सावकार कोणता आहे यावरून नाटकात काय बोलले जाणार नाही याचा तर्क करता येतो. विशेष असे की, तीच कंपनी २०२२ मध्ये कोट्यात इमारत घेऊन वर्ग भरवू लागली. ‘फिजिक्सवाला’नेही त्याच वर्षी तेथे आपले केंद्र काढले. पडदा आणि भिंत यांत जे वैर आहे असे आपल्याला वाटत होते ते व्यापारातील वैर होते. सलोखा व्हावयास तीन वर्षे पुरली.

आणि मालिकेचा प्रेक्षक ती कोठे पाहत होता? चित्रपटगृहात नव्हे. उजेड जाऊ नये म्हणून पांघरूण डोक्यावर घेऊन, हाताएवढ्या काचेवर, उद्या सकाळी चाचणी असताना. कोट्यातील मुलाची व्यथा पाहण्यासाठी कोट्यातील मुलगा आपली झोप देत होता. या प्रसंगातील उपरोध एखाद्या प्रतिभावंत लेखकाच्या हाती लागता तर त्याने त्यावरच एक पर्व उभे केले असते.

मालिकेच्या पहिल्या व दुसऱ्या पर्वांच्या मधल्या काळात जे घडले ते ध्यानात घेतले म्हणजे हे मौन अधिकच खटकते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि इंटरनेट स्वस्त झाले, ही त्याची पूर्वतयारी. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि ज्या आईबापांनी तोपर्यंत बारावी होईपर्यंत मोबाइल द्यायचा नाही असा नेम पाळला होता त्यांनीच कर्ज काढून तो आणून दिला; कारण वर्गच त्याच्यात भरत होता. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. ती जागा रिकामी राहिली नाही. जुलैत इन्स्टाग्रामने भारतात ‘रील’ आणले, सप्टेंबरात यूट्यूबने ‘शॉर्ट्स’ आणले. म्हणजे ज्या काचेत फळा शिरला त्याच काचेत, त्याच वर्षी, जत्राही शिरली. फळ्याच्या आणि जत्रेच्या मध्ये पूर्वी एक मैलाचे तरी अंतर असे; आता अंगठ्याच्या पेराएवढे राहिले. पूर्वी शाळा बुडवावयाची तर निदान शाळेतून बाहेर पडावे लागे!

४

येथे आपल्या वाङ्मयाकडे वळून पाहणे उपयोगाचे होईल. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली प्रसिद्ध झाली. खानदेशातल्या सांगवीहून पुण्यास शिकावयास आलेल्या पांडुरंग सांगवीकराची वर्षे कशी वाया जातात याचा तो वृत्तांत आहे. बापाचा पैसा, मेसचा कारभार, संमेलनाची धावपळ, मित्रांबरोबरचे हिंडणे, नापास होणे आणि अखेर गावी परतणे. कोणत्याही पालकाच्या हिशेबाने ही केवळ उधळपट्टी आहे. परंतु वाचक त्या उधळपट्टीला उधळपट्टी म्हणू शकत नाही, कारण वाया गेलेली प्रत्येक संध्याकाळ पांडुरंगाला आठवते. तो ती सांगू शकतो. तिची टिंगल करू शकतो. त्याचा वेळ गेला, पण तो त्याच्या अंगावरून गेला आणि जाताना खूण ठेवून गेला.

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी २००४ ची, आणि तिच्यातला काळ आणीबाणीचा. नववीतला जोशी अभ्यास सोडून शिरोडकरचा विचार करतो, आणि मित्रांबरोबर अर्धवट बांधलेल्या इमारतीत बसून रस्त्याकडे पाहतो. हेही चित्तविक्षेपाचेच चित्र आहे. पण त्या विक्षेपाला जागा आहे, तास आहे, ऋतू आहे आणि मुख्य म्हणजे एक माणूस आहे. मुलगी रस्त्याने जाते आणि रस्ता रिकामा होतो. रिकाम्या रस्त्याकडे पाहत बसणे भाग पडते. त्या रिकाम्या पाच मिनिटांत जोशीचे जोशीपण घडत जाते.

मोबाइलमधला रस्ता कधी रिकामा होत नाही. त्याची रचनाच तशी आहे. पूर्वी संकेतस्थळाचे पान संपत असे आणि ‘पुढे’ असे बटण दाबावे लागे. २००६ मध्ये अझा रास्किन या अमेरिकन रचनाकाराने पान संपूच नये अशी युक्ती काढली. बोट खाली सरकवावे आणि नवे काही वर येत राहावे. पुढे तिच्या परिणामांविषयी त्यांनी स्वतःच जाहीरपणे खेद व्यक्त केला. पान संपणे ही किती मोलाची गोष्ट होती हे आपल्याला पाने संपेनाशी झाल्यावर कळले. प्रकरण संपले की वाचक मान वर करतो, आणि त्या मान वर करण्यात ‘आता झोपावे’ हा निर्णय असतो. निर्णयाची ती जागाच काढून टाकली की इच्छाशक्तीने उभे राहावे कोठे?

दुसरी युक्ती यापेक्षा जुनी आहे. दर खेपेला बक्षीस मिळत नाही. कधी मिळते, कधी नाही, आणि केव्हा मिळेल हे कळत नाही. अशा अनिश्चित बक्षिसावर प्राणी सर्वांत चिवटपणे चिकटून राहतो, हे स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवरील प्रयोगांत पूर्वीच दाखविले होते. मटक्याच्या आकड्यावर संसार उधळलेले लोक आपल्या गिरणगावाला ठाऊक होतेच. नऊ रील रद्दी, दहावे झकास, म्हणून अकरावे.

परंतु या यांत्रिक स्पष्टीकरणापेक्षा कलावंताच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. रात्री अकरा ते दोन मोबाइल पाहिलेल्या मुलाला सकाळी ‘काय पाहिलेस?’ असे विचारावे. त्याला सांगता येत नाही. लपवावयाचे आहे म्हणून नव्हे. खरोखरच सांगण्यासारखे काही उरलेले नसते. पांडुरंगाच्या वाया गेलेल्या वर्षाची कादंबरी झाली. या तीन तासांची एक ओळ होत नाही. वाया गेलेल्या वेळाने आजवर निदान आठवण तरी दिली. हा पहिला असा अपव्यय आहे की ज्यातून आठवणसुद्धा हाती लागत नाही. आणि कथा तर आठवणीचीच होते. माझ्या मते ‘कोटा फॅक्टरी’च्या मौनाचे खरे, आतले कारण हे आहे. प्रायोजक हे वरवरचे कारण. ज्या अनुभवाला आकार नाही, आरंभ-मध्य-अंत नाही, ज्याच्यात दुसरे माणूस नाही आणि ज्याची स्मृती नाही, त्याचे नाट्य कसे करावे, हा प्रश्न लेखकांना सुटला नाही. म्हणून त्यांनी मेस, मैत्री आणि मास्तर यांच्याकडे मोर्चा वळविला. तेथे जुन्या कथेचे नियम चालतात.

५

आता ‘व्यसन’ या शब्दाकडे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने आपली रोगांची अकरावी सूची २०१९ मध्ये संमत केली आणि ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तीत संगणकीय खेळांच्या अनावर नादाला विकार म्हणून स्थान आहे. समाजमाध्यमांच्या किंवा चित्रफितींच्या नादाला त्या सूचीत स्वतंत्र नाव नाही. बंगळूरच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून अशा रुग्णांसाठी खास विभाग चालतो. म्हणजे त्रास खरा आहे याविषयी शंका नको. प्रश्न त्रासाचा नसून शब्दाचा आहे. मराठीत ‘व्यसन’ म्हटले की डोळ्यांपुढे गुत्ता येतो, आणि गुत्त्यात जाणारा स्वतःच्या पायांनी जातो. शब्द उच्चारताच निवाडा होऊन जातो : दोष पायांचा.

परंतु येथे गुत्ता आणि शाळा यांचे दार एकच आहे. हिंगोली किंवा धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यातील मुलीला कोट्याची फी झेपत नाही, लातूरचीही झेपत नाही. तिच्यापाशी आहे तो बापाचा मोबाइल आणि त्यावर फुकट मिळणारे भौतिकशास्त्राचे तास. तिला ‘मोबाइल टाकून दे’ असे सांगणे म्हणजे शाळा सोडून दे असे सांगणे आहे. मोबाइल कपाटात ठेवून साधा बटणांचा फोन वापरणारे गुणवंत आपण निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रात पाहतो. त्यांचा निग्रह कौतुकास्पद आहे. पण ज्याच्या खोलीवर मास्तर येऊ शकतो, किंवा जो मास्तरच्या दारी राहू शकतो, त्यालाच तो निग्रह परवडतो. संयम हा सद्गुण खरा, पण त्यालाही भाडे पडते.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने मनाच्या चंचलपणाची तक्रार केली आणि त्याला अभ्यास व वैराग्य हे उपाय मिळाले. आजही मुलांना हेच उपाय सांगितले जातात. फरक इतकाच आहे की, अर्जुनाच्या चंचलतेवर कोणाची कमाई अवलंबून नव्हती. त्याचे मन एकटेच पळत होते. त्याला पळविण्यासाठी हजारो पगारी अभियंते रात्रंदिवस खपत नव्हते. आणि हे अभियंते कोठून आले? त्यांपैकी काही त्याच आयआयटींतून, ज्यांच्या दारात उभा राहण्यासाठी हा मुलगा जागत आहे. वर्तुळ असे पुरे होते.

याहूनही एक अवघड गोष्ट आहे, आणि ती बोलून दाखविल्याशिवाय हा विचार पुरा होणार नाही. प्रवेशपरीक्षा आणि मोबाइल हे परस्परांचे शत्रू आहेत असे आपण गृहीत धरतो. ते तसे आहेत काय? २०२५ च्या नीटमध्ये १८० प्रश्न होते आणि वेळ १८० मिनिटे. एका प्रश्नाला एक मिनिट. जीवशास्त्राचा एक तुकडा, चार पर्याय, एक गोल काळा करणे, पुढे. यूट्यूबच्या शॉर्ट्सचीही मर्यादा पूर्वी साठ सेकंदांचीच होती. ज्ञानाचा तुकडा आणि करमणुकीचा तुकडा एकाच मापाने कापले गेले हा केवळ योगायोग असेल; परंतु दोन वर्षे मिनिटामिनिटाच्या तुकड्यांत चालावयास शिकविलेले मन विश्रांतीसाठीही तुकडेच मागते, यात नवल वाटण्याचे कारण नाही. शिकवणीच्या अ‍ॅपमध्ये रँक आहे, सलग किती दिवस आलात याची मोजणी आहे, कोण पुढे गेला याची सूचना आहे. समाजमाध्यमातही तेच आहे. नाव अभ्यास असो की करमणूक, आत चाललेली क्रिया एकच. कामगाराला विश्रांती म्हणून त्याच यंत्राची धाकटी आवृत्ती हाती द्यावी, असा हा प्रकार आहे. ‘कोटा फॅक्टरी’ने तुकड्यांवर चालणारे काम दाखविले, तुकड्यांवर चालणारी विश्रांती दाखविली नाही. आणि या दोहोंचा संबंध दाखविणे हेच तर त्या रूपकाचे सामर्थ्य ठरले असते.

६

मालिकेचे हृदय जीतूभैयात आहे. जितेंद्रकुमार यांनी ही भूमिका फार संयमाने केली आहे. मास्तर आणि मोठा भाऊ यांच्या मधली ही व्यक्ती मुलांना जे सांगते ते बहुधा शहाणपणाचे असते. परंतु तिच्या भाषणांचे पुढे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. प्रत्येक भाषण मालिकेतून सुटे झाले, खाली संगीत लागले, वर अक्षरे आली, आणि ते एक मिनिटाचे रील होऊन लक्षावधी मोबाइलांवर फिरू लागले. आज ‘प्रेरणा’ हा या मुलांचा सर्वांत आवडता वाङ्मयप्रकार आहे असे म्हणता येईल. ‘मोबाइल सोड, उठ, अभ्यासाला लाग’ असे मोबाइलमधून ओरडून सांगणारा माणूस रात्री दीड वाजता पाहावयाचा, अंगावर काटा आणावयाचा, आणि अंगठा वर सरकवावयाचा. निश्चयाचा आनंद मिळतो. निश्चय मात्र करावा लागत नाही. जीतूभैया हा या प्रकाराचा जनक नव्हे, पण त्याचे सर्वोत्तम उदाहरण तो आहे, आणि कलावंतांनी आपल्या निर्मितीच्या या गतीकडे पाहावयास हवे होते.

तिसऱ्या पर्वात त्यांनी काही अंशी तसे पाहिले आहे. दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस एका विद्यार्थिनीच्या आत्महत्येची वार्ता येते, आणि तिसऱ्यात जीतूभैया स्वतःच कोसळलेला, मनोविकारतज्ज्ञासमोर बसलेला दिसतो. सल्ला देणाऱ्याची वाचा बंद होते. ही या मालिकेतील सर्वांत प्रामाणिक जागा आहे. येथे ती प्रथमच मान्य करते की, एकेका मुलाला एकेका भाषणाने सावरता येत नाही; ज्याने भाषण केले तोही त्या कारखान्यात आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये कोट्याच्या जिल्हा प्रशासनाने असा आदेश काढला की, वसतिगृहांतील छताच्या पंख्यांना स्प्रिंग बसवावी, म्हणजे ठरावीक वजनापेक्षा अधिक भार पडताच पंखा खाली येईल. त्या आदेशामागे दुष्टपणा नव्हता; काही जीव त्याने वाचलेही असतील. परंतु एखाद्या समाजाने आपल्या मुलांविषयी किती विचार केला याचे मोजमाप म्हणून तो आदेश पुढे वाचला जाईल. मोबाइलच्या बाबतीत आपण जे करतो ते याच जातीचे आहे. अ‍ॅपला कुलूप, वेळेची मर्यादा, खोलीच्या दाराशी फोन जमा करण्याची पेटी. म्हणजे पंख्याला स्प्रिंग. मुलगा पंख्यापर्यंत का गेला आणि अंगठा काचेपर्यंत का गेला, हे विचारण्याचे काम आदेशाचे नाही. ते काम कलेचे आहे.

तेव्हा मागावयाचे ते काय? मोबाइलविरुद्धची नीतिकथा नव्हे; तशा नाटुकल्या शाळांच्या स्नेहसंमेलनांत पुष्कळ होतात आणि मुले त्या मोबाइलवर टिपून घेतात. मागावयाचे आहे ते असे लेखन, जे रात्रीच्या त्या तीन तासांत शिरेल. ज्यात रिपीटर बॅचमधली मुलगी रसायनशास्त्राचा तास अर्ध्यावर थांबवून वर आलेली सूचना उघडते, आणि पुढे काय झाले ते तिला ठाऊक नाही. लेखकाला मात्र ठाऊक आहे. जिला आठवत नाही तिच्या वतीने आठवण्याचे काम आजवर कोणी केलेले नाही. ते करावयाचे तर कदाचित कथेचा नवा घाट शोधावा लागेल. ‘कोसला’ने आपल्या काळी तो शोधला होताच. वाया जाण्यालाही भाषा असते हे त्या कादंबरीने दाखविले, आणि भाषा मिळताच वाया गेलेला मुलगा माणूस म्हणून उभा राहिला.

आजच्या मुलापाशी ती भाषा नाही. त्याच्यापाशी ‘व्यसन’ हा उसना शब्द आहे आणि त्या शब्दासोबत आलेली शरम आहे. आई ‘सारखा मोबाइल’ म्हणते, मास्तर ‘डिस्ट्रॅक्शन’ म्हणतो, रील ‘उठ’ म्हणते. तो स्वतः काय म्हणतो हे अद्याप कोणी ऐकलेले नाही. ‘कोटा फॅक्टरी’ने त्याची खोली, त्याची मेस आणि त्याची भीती आपल्याला दाखविली, हे तिचे श्रेय कोणी हिरावून घेऊ नये. परंतु दिवा मालविल्यानंतर त्या खोलीत जो निळसर उजेड उरतो, तेथपर्यंत ती गेली नाही. मुलाचे तोंड त्या वेळी कसे दिसते, हे पाहणारा लेखक अजून यावयाचा आहे.